पंचविशीतलं कपाळ, पन्नाशीतलं डोकं

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या अंकात केसगळतीच्या एका प्रश्नाला चार ओळींत उत्तर दिलं आणि त्यानंतर पत्रं न् मेसेज जे सुरू झाले ते विचारूच नका, अमळनेर, भुसावळ, धुळे, शहादा, रावेर, म्हणजे बठ्ठ्या खान्देशातूनच म्हणा ना. बहुतेकांना एकच विचारायचंय, हेअर ट्रान्सप्लांट करू का आणि केलं तर किती वर्षं टिकतं. म्हणून यावेळी पूर्ण सदर त्यालाच. आधीच सांगून ठेवतो, मी स्किनचा डॉक्टर आहे पण ट्रान्सप्लांट स्वतः करत नाही, करायला निघालेले आणि करून आलेले दोन्ही प्रकारचे लोक माझ्या ओपीडीत येतात, त्यामुळे मला कोणाला ऑपरेशन विकायचं पण नाहीये आणि उगाच घाबरवायचं पण नाहीये. नावं छापलेली नाहीत, लांबलेली पत्रं कापलीत.

प्रश्न (अमळनेर): डॉक्टरसाहेब, वय २४, पुण्यात जॉब करतो. विसाव्या वर्षापासून कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकायला लागले, आता भोवऱ्यावर पण पातळ दिसतंय. पप्पा आणि मोठे काका दोघांना पूर्ण टक्कल, फक्त कानाच्या वर पट्टा उरलाय. एका क्लिनिकने ३००० ग्राफ्ट (मुळासकट काढून लावायचे केसांचे बारीक तुकडे) सांगितले, हेअरलाइन एकदम शाळेतल्या फोटोसारखी खाली आणून देतो म्हणाले, लाइफटाइम गॅरंटी पण देतात. घरच्यांनी आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) लग्न धरलंय. दिवाळीत करून घेतलं तर तोपर्यंत सेट होईल का? गोळ्या-औषधांच्या भानगडीत पडायचं नाही, एकदाच काय ते करून मोकळं व्हायचंय.

उत्तर: भाऊ, लग्नाचं नंतर बघू, आधी तुझं शेवटचं वाक्य. एकदाच करून मोकळं होणं तुझ्या वयात आणि तुझ्या घराण्यात जमत नाही, आणि जो जमतं म्हणतोय त्याने तुझ्या पप्पांचं डोकं बघितलेलं नाही.

ट्रान्सप्लांटमध्ये नवीन केस बनत नाहीत. डोक्याच्या मागचे आणि कानावरच्या पट्ट्यातले केस मुळासकट काढून पुढे लावतात, बस एवढंच. ते जगतात का, तर न्यूयॉर्कला ऑरेन्ट्रिच म्हणून डॉक्टर होते त्यांनी १९५९ मध्ये छापून दाखवलं की केस कुठे लावला याच्यापेक्षा तो कुठून आणला हे महत्त्वाचं, मागचा केस पुढे लावला तरी तो मागच्यासारखाच वागतो. टक्कल पाडणारं जे हार्मोन असतं, डीएचटी, त्याचा मार पुढच्या आणि भोवऱ्यावरच्या मुळांना बसतो, मागच्यांना फारसा बसत नाही. इथपर्यंत सगळं छान. घोळ असा की लावलेला केस जागेवर राहतो आणि त्याच्या शेजारचा तुझा जन्माचा केस जातच राहतो, ऑपरेशनने ते थांबत नाही. ऑरेन्ट्रिचच्या काळात ४ मिलिमीटरचे जाड गोल तुकडे लावायचे, वीस-तीस वर्षांनी बाकीचं डोकं रिकामं झालं आणि ते पुंजके मात्र तसेच उभे, लोक ते लपवत फिरायचे. म्हणजे केस टिकले नाहीत ही तक्रारच नव्हती, टिकले हीच तक्रार होती. आता तंत्र पुष्कळ सुधारलंय, एक ते चार केसांचे ग्राफ्ट लावतात, पुंजके दिसत नाहीत, पण त्याच्यामागचा हिशोब तोच आहे.

हिशोब करू. मागच्या भरवशाच्या पट्ट्यातून साधारण माणसाचे सगळ्या आयुष्यात मिळून चार ते सहा हजार ग्राफ्ट निघतात, त्याच्यावर गेलं की मागचं डोकं उघडं पडायला लागतं. आता पप्पांसारखं कपाळापासून भोवऱ्यापर्यंत टक्कल म्हणजे ढोबळमानाने २०० चौरस सेंटिमीटर जागा. निसर्गाने एका चौरस सेंटिमीटरला ७०-८० ग्राफ्टइतके केस दिलेले असतात, पण निम्मे गेले तरी नजरेला फारसं कळत नाही म्हणून ट्रान्सप्लांटवाले ३५-४० वर काम भागवतात. तरी २०० गुणिले ३५ किती झाले, ७०००. आणि तुझ्याकडे आहेत फार तर सहा हजार, कदाचित चारच. त्यातले ३००० तू चोविसाव्या वर्षी नुसते कपाळाची रेषा खाली ओढायला घालवणार, मग चाळिशीत टाळू आणि भोवरा दोन्ही मोकळे झाले की काय काय झाकशील? रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे लगेच समजेल, बोअरला पाणी किती आहे ते न बघता पहिल्याच वर्षी बाग दुप्पट लावली की पुढे उभ्या बागेला द्यायला पाणी उरत नाही.

शाळेतल्या फोटोतली रेषा तर अजिबात नको. सोळाव्या वर्षीची रेषा सगळ्याच पुरुषांची थोडी वर जाते, टक्कल पडणाऱ्यांचीच नाही. आरशासमोर उभं राहून भुवया वर कर, कपाळावर सगळ्यात वरची आठी पडेल, तिच्यावर साधारण बोटभर जागा सोडून मोठ्या माणसाची रेषा असते, आणि कोपरे थोडे आत गेलेले असतात. ट्रान्सप्लांटची रेषा तिथे किंवा त्याच्याही वर काढायची असते. पंचविशीला ती तुला कमी वाटेल, पण पन्नाशीला त्याच डोक्यावर ती शोभली पाहिजे, कारण एकदा लावलेली रेषा वर सरकवता येत नाही, उपटून नाहीतर लेझरने काढून टाकावी लागते. भोवऱ्याला तर या वयात हातच लावू नये. तिथे हजारभर ग्राफ्ट घातले की मधे केसांचा गोल राहतो आणि टक्कल त्याच्याभोवती वाढत जातं, मग त्या वाढत्या कड्यात भरायला परत ग्राफ्ट हवेत, परत हवेत, हे संपतच नाही.

आता लग्न. दिवाळी ते आखाजी म्हणजे सहा महिने. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत बहुतेक सगळे गळून पडतात, हे नॉर्मल आहे, मूळ आत राहतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक कोंब दिसतात. त्या मधल्या दिवसांत डोकं ऑपरेशनच्या आधीपेक्षा वाईट दिसू शकतं, कधी शेजारचे जुने केस पण धक्क्याने गळतात. सहाव्या महिन्यात निम्मं चित्र, पूर्ण निकाल बारा महिन्यांनी, भोवऱ्यावर दीड वर्ष पण लागतं. म्हणजे तुझ्या हळदीला धड इकडे ना धड तिकडे असं डोकं असेल आणि फोटो जन्मभर राहतील. मुलीकडच्यांना आत्ता जसा आहेस तसा दिसू दे की, पप्पांना बघून त्यांना अंदाज आलाच असेल.

आणि ती गॅरंटी. नीट वाच, बहुतेक ठिकाणी ती फक्त लावलेल्या केसांपुरती असते. तुझे आधीचे केस गेले तर ते गॅरंटीत नाहीत, आणि नेमके तेच जाणार आहेत.

माझं ऐकशील तर आधी एखाद्या स्किनच्या डॉक्टरकडून डोकं भिंगाखाली तपासून घे, मागचा पट्टा पण. काही तरुणांमध्ये मागचे केस सुद्धा आतून बारीक होत असतात, त्यांना ट्रान्सप्लांट चालतच नाही, कारण आणायचे कुठून? मग एक वर्ष औषध घे, दर तीन महिन्यांनी त्याच खोलीत त्याच उजेडात फोटो काढ. वर्षाने गळती थांबलीय असं दिसलं तर पुढचं थोडंसं काम करता येईल, तेही उद्याचे ग्राफ्ट राखून. औषध घ्यायचंच नसेल तर ते खाली जळगावच्या पत्रात लिहिलंय, वाच.

प्रश्न (भुसावळ): रेल्वेत आहे, वय ४१. एकतिसाव्या वर्षी मागून चामडीची पट्टी काढून करतात तो ट्रान्सप्लांट केला होता, २२०० ग्राफ्ट. तीन-चार वर्षं एकदम मस्त होतं. आता पुढे केस आहेत पण त्याच्यामागे चार बोटं जागा मोकळी आणि भोवरा तर गेलाच. ट्रान्सप्लांट फेल झालं का? आता एक जण म्हणतो एका बैठकीत ४५०० काढू, दुसऱ्याने सरळ नाही सांगितलं. कोणाचं ऐकू?

उत्तर: नाही म्हणाला त्याचं. निदान त्याला अजून एकदा भेटून का नाही म्हणतोय ते तरी विचारा.

तुमचं फेल झालेलं नाही, पुढचे केस दहा वर्षांनी पण उभे आहेत याचा अर्थ ते नीट लागले होते. गेले ते मधले, जे तुमचे स्वतःचे होते आणि एकतिसाव्या वर्षी शाबूत होते म्हणून कोणी त्यांचा विचारच केला नाही. तुम्ही पत्रात औषधाचा उल्लेख कुठेच केला नाही, त्यावरून अंदाज करतो की गेल्या दहा वर्षांत काही घेतलं नसेल. ऑपरेशन केलंय ना मग औषध कशाला, असं जवळपास सगळ्यांना वाटतं, पण औषध असतं ते लावलेल्या केसांसाठी नाही, उरलेल्यांसाठी.

एक अजून सांगतो जे क्लिनिकमध्ये फारसं सांगत नाहीत. मागचे केस कायमचे असतात हे पण शंभर टक्के खरं नाही. वय वाढलं की सगळ्याच डोक्यावरचे केस थोडे बारीक आणि विरळ होतात, मागचे पण, आणि तिथून आणलेले पण. भारतातल्याच एका अभ्यासात चार वर्षांनी परत तपासलं तर बऱ्याच जणांच्या लावलेल्या केसांची दाटी कमी झालेली आढळली. म्हणून कायमचं हा शब्द मी पेशंटसमोर वापरत नाही, पुष्कळ वर्षं म्हणतो.

आता ४५०० चं. तुमचे २२०० आधीच गेलेत. वर अजून ४५०० काढले तर बेरीज ६७०० होते, हा आकडा फारच थोड्या डोक्यांना झेपतो, ज्यांचे केस जाड आणि मागे दाट असतात त्यांना. पट्टी काढल्यामुळे तुमच्या मागे एक आडवी रेघ आहे, ती आज केसांखाली झाकलेली आहे. आता जर एकेक ग्राफ्ट पंचने टोचून काढत हजारोंनी उचलले तर मागचं पण विरळ होईल, ठिपके दिसतील आणि वर ती रेघ पण उघडी पडेल. मग तुम्हाला सलूनमध्ये मशीन मारून बारीक केस ठेवायची सोय सुद्धा राहणार नाही, जी टक्कलवाल्याकडे कायम असते. तर आधी मागचा पट्टा मोजून घ्या, दर चौरस सेंटिमीटरला आज किती शिल्लक आहेत ते छोट्या कॅमेऱ्याने मोजता येतं, नुसतं बोटं फिरवून आकडा सांगणाऱ्याकडे थांबू नका.

शिल्लक हजार-दीड हजार निघत असेल तर ती पुढच्या केसांच्या लगेच मागे लावायची, म्हणजे पुढून बघणाऱ्याला डोकं सलग दिसेल. भोवरा सोडून द्या. खरंच सोडून द्या, समोरच्याशी बोलताना तो कोणाला दिसत नाही, आणि चाळिशीत भोवरा मोकळा असणं म्हणजे काही जगावेगळं नाही. दाढीचे केस घेता येतात, ते जाड असतात म्हणून मधल्या भागात मिसळले तर भरीव दिसतं, पण कपाळाच्या रेषेवर लावले तर राठ आणि वेगळे दिसतात. आणि हे सगळं करायच्या आधी सहा-आठ महिने औषध.

प्रश्न (जळगाव): फिनास्टेराइड गोळी लिहून दिली आहे पण मेडिकलवाला मित्र म्हणतो ती घेऊन पुरुषत्व जातं. वय २९, लग्न झालंय, अजून मूल नाही. खरं काय?

उत्तर: भीती हवेतली नाही पण जेवढी पसरलीय तेवढी मोठी पण नाही. ही गोळी आधी प्रोस्टेटसाठी आली, ५ मिलिग्रॅमची, नंतर १९९७ मध्ये अमेरिकेत केसांसाठी १ मिलिग्रॅमची मंजूर झाली. डीएचटी साधारण दोन तृतीयांशाने खाली आणते. त्या वेळच्या चाचण्यांमध्ये लैंगिक तक्रार गोळी घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्के लोकांनी सांगितली आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २.१ टक्के लोकांनी, म्हणजे फरक आहे, पण शंभरात दोनाच्या आसपास. बहुतेकांचं गोळी थांबवल्यावर पूर्ववत होतं. थोड्या लोकांनी थांबवल्यावरही त्रास राहिल्याचं सांगितलंय, आणि मन उदास होणं, नको ते विचार येणं हे पण नोंदवलं गेलंय, त्यामुळे आधीपासून डिप्रेशनचा इतिहास असेल तर डॉक्टरला लपवू नका. मूल हवंय तर वीर्यतपासणी करून घ्या आणि डॉक्टरशी बोला, काही जणांत शुक्राणू कमी होतात, अशा वेळी गोळी काही महिने बंद ठेवलेली बरी. तुटलेली गोळी गरोदर बाईने हाताळू नये. आणि पुढे कधी प्रोस्टेटची पीएसए तपासणी केली तर ही गोळी चालू आहे हे सांगायचं, कारण तिच्यामुळे आकडा निम्म्यावर येतो आणि खरा आजार झाकला जाऊ शकतो.

गोळी नको असं ठरवलंत तरी माझी काही हरकत नाही, मिनॉक्सिडिल लावायचं औषध आहे, ते वेगळ्या पद्धतीने काम करतं. दोन्हींचं एक सारखं आहे, बंद केलं की कमावलेलं सगळं काही महिन्यांत, फार तर वर्षभरात जातं. फक्त एक लक्षात घ्या, आणि हे अमळनेरच्या भाऊला पण, की औषध न घेणाऱ्याच्या ट्रान्सप्लांटचा नकाशा वेगळा काढावा लागतो. त्याचं पुढे पूर्ण टक्कल पडणार असं धरूनच चालायचं, रेषा अजून वर, ग्राफ्ट कमी, भोवरा बंद. औषध पण नको आणि रेषा पण खाली हवी, असं दोन्ही मिळत नाही.

प्रश्न (चाळीसगाव): जाहिरातीत डॉक्टर दिसतात पण माझ्या मित्राचं सगळं काम टेक्निशियननी केलं, डॉक्टर फक्त रेषा काढून गेले. हे चालतं का?

उत्तर: चालू नये. नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये याच्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्यात ट्रान्सप्लांट म्हणजे ऑपरेशन आहे, ते प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करायचं, प्लास्टिक सर्जन किंवा स्किनचा डॉक्टर, आणि वर्कशॉपला बसून किंवा यूट्यूब बघून शिकलेलं पुरेसं नाही असं स्पष्ट लिहिलंय. आपल्या देशात ट्रान्सप्लांटनंतर माणसं दगावल्याच्या बातम्या आलेल्या आहेत, भूल दिली जाते, तासन् तास काम चालतं, त्यामुळे ब्लड प्रेशर, ॲलर्जी सांभाळायची सोय तिथे पाहिजे. फोनवरच विचारा, छेद कोण देणार, ग्राफ्ट कोण काढणार, डॉक्टर किती वेळ खोलीत असणार, त्या दिवशी अजून किती पेशंट आहेत. उत्तर द्यायला अडखळले की समजा. ग्राफ्टमागे रेट लावणाऱ्याकडे जास्त ग्राफ्ट काढायचा मोह असतो हे पण साधं गणित आहे. आणि फोटो दाखवतात ते वर्षभरानंतरचे असतात, तुम्ही आठ-दहा वर्षांपूर्वी केलेला पेशंट दाखवा म्हणा. आधीचा फोटो ओल्या केसांचा ट्यूबलाइटखाली आणि नंतरचा ब्लो-ड्राय करून, हा प्रकार तर इतका चालतो की त्याच्यावर वेगळं सदर लिहावं लागेल.

प्रश्न (धुळे): वय ४४. भांग रुंद होत चाललाय, टाळू दिसते. पार्लरवाली ताई म्हणाली आता बायका पण ट्रान्सप्लांट करतात, ओळखीचं आहे, डिस्काउंट मिळेल.

उत्तर: ताई, डिस्काउंट राहू द्या. बायकांच्या केसगळतीत बहुतेक वेळा सगळ्याच डोक्यावरचे केस पातळ होतात, मागचे पण, म्हणजे ज्या जागेवरून उचलायचे तीच जागा कच्ची. काही बायकांना ट्रान्सप्लांटचा खरंच फायदा होतो, मागचा पट्टा पक्का असेल तर, किंवा वर्षानुवर्षं घट्ट वेणी-अंबाडा ओढून कडेचे केस गेलेत आणि आता ओढणं थांबवलंय अशांना. पण तुमचा नंबर त्याच्यात लागतो का हे पार्लरमध्ये ठरत नाही. आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासा, पाळी कशी आहे ते डॉक्टरला सांगा, अंगावर जास्त जात असेल तर लोह कमी असू शकतं. गेल्या दोन-तीन महिन्यांत टायफॉइड, डेंग्यू, मोठं ऑपरेशन किंवा कडक डाएट झालंय का ते आठवा, तसल्या गळतीत मूठ-मूठ केस जातात पण बहुतेक वेळा सहा-आठ महिन्यांत आपोआप येतात. मिनॉक्सिडिल बायकांना चालतं, सुरुवातीचे काही आठवडे गळती वाढल्यासारखी वाटते तेव्हा घाबरून सोडू नका. टाळूवर खाज, लाली, चकचकीत डाग असतील तर मात्र लवकर दाखवा, काही आजारांत मुळाच्या जागी व्रण होऊन मूळच बुजतं आणि असा आजार किमान एक-दोन वर्षं शांत झाल्याशिवाय तिथे केस लावले तर तेही जातात.

प्रश्न (मुक्ताईनगर): आमच्या शेजारी बुलढाणा जिल्ह्यात गावंच्या गावं टकली झाली होती. तसं झालं तर ट्रान्सप्लांट करता येतं का?

उत्तर: तुम्ही शेगाव तालुक्यातल्या जानेवारी २०२५ च्या प्रकाराबद्दल म्हणताय. तिथे संशय शरीरात गेलेल्या जादा सेलेनियमकडे गेला होता, आणि बऱ्याच जणांचे केस परत आले. मूळ जिवंत असलं की केस येतात, तिथे ऑपरेशनचं कामच नाही. चाई पडते, म्हणजे नाण्याएवढा गोल चट्टा, त्याच्यात पण तेच, आजार चालू असताना लावले तर लावलेले पण जातात.

प्रश्न (पाचोरा): मोठा भाऊ म्हणतो ट्रान्सप्लांट करशील आणि उद्या घरात कोणी गेलं तर मुंडण कसं करशील? वडील ८१ वर्षांचे आहेत. विचारायला बरं वाटत नाही पण विचारतो.

उत्तर: विचारलंत ते बरं केलं, हा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात असतो. वस्तरा केसाचा वरचा भाग कापतो, मूळ चामडीच्या आत असतं, त्यामुळे वर्षभरानंतर मुंडण केलं तरी लावलेले केस तसेच परत वाढतात. पहिले एक-दोन महिने मात्र वस्तरा नकोच, जखमा ताज्या असतात, तशी वेळ आली तर भटजींना सांगून कात्रीने बारीक करून घ्या. एवढंच बघा की पट्टी काढून केलं असेल तर मुंडण केल्यावर मागची रेघ सगळ्यांना दिसेल, टोचून केलं असेल तर पांढरे बारीक ठिपके दिसतील. ते लपवायचंच असेल तर तो विचार ऑपरेशनची पद्धत निवडतानाच करायचा.

प्रश्न (शहादा): वय ५७, शुगर आहे, ॲस्पिरिनची गोळी चालू आहे, तंबाखू खातो. ट्रान्सप्लांट करायची इच्छा आहे, मुलगा हसतो.

उत्तर: मुलाला हसू द्या. प्लॅनिंगच्या दृष्टीने तुम्ही त्या अमळनेरच्या पोरापेक्षा कितीतरी सोपे पेशंट आहात, कारण जे जायचं ते बहुतेक जाऊन झालंय, डॉक्टरला अंदाज बांधावा लागत नाही. पांढरे केस असतील तर अजून चांगलं, उजळ टाळूवर केस पांढरे असले की विरळपणा कमी दिसतो. पण शुगर आधी ताब्यात आणा, तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीए१सी तपासणी दाखवूनच तारीख घ्या. ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्या हृदयाच्या डॉक्टरला विचारूनच, केसांसाठी ॲटॅक ओढवून घेऊ नका. आणि तंबाखू, बिडी, मशेरी, जे असेल ते आधी आणि नंतर काही आठवडे तरी पूर्ण बंद, निकोटीनने रक्तवाहिन्या आखडतात आणि नव्या ग्राफ्टला रक्त पुरेसं पोचत नाही. तेवढ्या निमित्ताने कायमची सुटली तर केस नाही आले तरी फायदाच.

प्रश्न (रावेर): केळीचं काम आहे, उन्हात राहावं लागतं, कधी डोक्यावर घड पण उचलतो. कोणत्या महिन्यात करावं?

उत्तर: थंडीत करा, नोव्हेंबर ते जानेवारी. मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री जातं, घाम आणि धूळ ताज्या जखमेवर नको, आणि कोवळ्या चामडीला ऊन लागलं तर डाग पडतात. ग्राफ्ट साधारण दहा दिवसांत घट्ट बसतात, त्याच्याआधी खरवडलं, घासलं की निघून येतात. डोक्यावर वजन महिनाभर तरी नाही, तुमची कटाई कधी येते ते बघून तारीख घ्या नाहीतर मजूर लावा. उन्हात जायचंच झालं तर रुमाल करकचून बांधायची सवय सोडून सैल सुती टोपी घाला, तीही डॉक्टर हो म्हणाल्यावर. आणि ऑपरेशन करून मोटारसायकलवर हेल्मेट घालून घरी यायचा विचार असेल तर तो नको, चारचाकीवाला एखादा मित्र आधीच सांगून ठेवा.